फंडात पैसे आहेत, मग तूट कसली?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात शिकलेले एक जण अमेरिकेतल्या एका छोट्या राज्याच्या टाकी फंडात आर्थिक विश्लेषक म्हणून नुकतेच रुजू झाले आहेत. जमिनीखालची पेट्रोलची टाकी गळली की माती आणि भूजल साफ करण्याचा खर्च हा फंड देतो. फंडात आज 6 कोटी 80 लाख डॉलर आहेत. वर्षाला 1 कोटी 90 लाख येतात, 1 कोटी 70 लाख जातात. तरी ॲक्च्युअरीच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या देण्यांचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाच्या, अहवालात देणं 11 कोटी 20 लाख दाखवलंय, म्हणजे 4 कोटी 40 लाखांची तूट. संचालक म्हणतात, आवक खर्चापेक्षा जास्त आहे, काळजी सोडा. विधिमंडळातले काही जण म्हणतात, एवढी शिल्लक पडून आहे तर दोन वर्षं फंडासाठी पेट्रोलवर गॅलनमागे घेतली जाणारी फी माफ करा. बरोबर कोण, आणि फीमाफीला काय उत्तर द्यायचं?

अशाच एका फंडात मी बावीस वर्षं काढली. सुरुवात बिलं तपासण्यापासून झाली, शेवटची नऊ वर्षं क्लेम विभाग माझ्याकडे होता. राज्याचं नाव घेत नाही, कारण पुढे दोन-चार तक्रारी येणार आहेत.

आधी हे फंड जन्माला का आले ते दोन मिनिटांत सांगतो, कारण तुमची तूट तिथूनच येते. ऱ्होड आयलंडमधल्या कॅनॉब पार्क नावाच्या वस्तीत विहिरींच्या पाण्यात पेट्रोल आलं, 1983 च्या डिसेंबरात ते राष्ट्रीय टीव्हीवर दिसलं, आणि 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला. 1988 मध्ये ईपीएचे, म्हणजे तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचे, नियम आले. त्यांतल्या एका नियमानं पंपमालकांची झोप उडवली: गळती झाली तर भरपाईची ऐपत दाखवा. पेट्रोलचा धंदा करणाऱ्याला एका घटनेमागे दहा लाख डॉलर, बाकीच्या छोट्यांना पाच लाख. खासगी विमा कंपन्या तेव्हा या धंद्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. बिनसंरक्षणाची पोलादी टाकी, वीस वर्षं जमिनीत, खाली काय झालंय कुणाला ठाऊक नाही; तिचा विमा कोण उतरवणार? म्हणून राज्यांनी स्वतःच फंड काढले, ईपीएनं त्यांना ऐपतीचा पुरावा म्हणून मान्यता दिली, आणि पैसे उभे केले पेट्रोलवर गॅलनमागे एक-दोन सेंट किंवा त्याहून कमी फी लावून. आजही तीसहून जास्त राज्यांत असे फंड चालू आहेत.

यातली मेख लक्षात घ्या. आपण त्याला विमा म्हणतो, पण हप्ता जोखमीवर ठरत नाही. पस्तीस वर्षं जुनी एकपदरी टाकी आणि गेल्या वर्षी बसवलेली दुपदरी टाकी, दोघींमागे गॅलनला तेवढीच फी. शिवाय बऱ्याच राज्यांनी जुनी, फंड स्थापन होण्याआधीची गळतीसुद्धा पोटात घेतली. घर जळाल्यावर विमा उतरवून द्यावा तसं. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, नाहीतर निम्मे गावपंप बंद पडले असते आणि घाण तिथेच राहिली असती. पण पहिल्या दिवसापासून फंडाच्या डोक्यावर न मोजलेलं कर्ज होतं, एवढं खरं.

आता तुमचे आकडे. ॲक्च्युअरी आणि संचालक दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. ॲक्च्युअरीचा प्रश्न: उद्या सकाळी फंडाला कुलूप लागलं, नवी फी बंद, नवे दावे बंद, तर आजवर झालेल्या गळत्या निस्तरायला किती लागतील? संचालकांचा प्रश्न: या वर्षीचे चेक वटतील का? फी चालू राहणार असेल तर 4 कोटी 40 लाखांची तूट म्हणजे साधारण सव्वादोन वर्षांची आवक. माझ्या मते हे काही बुडीत लक्षण नाही. मी यापेक्षा वाईट आकड्यांवर फंड व्यवस्थित चालताना पाहिलाय. पण तुमच्या कायद्यात फंडाची मुदत कधी संपते ते आधी बघा. बऱ्याच राज्यांच्या कायद्यात अशी तारीख असते आणि दर वेळी ती पुढे ढकलली जाते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. तारीख तीन वर्षांवर असेल तर ॲक्च्युअरीचा प्रश्न एकदम खरा होतो.

पण दोघांनीही न विचारलेला तिसरा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो दर तिमाहीला मांडावा असा माझा आग्रह राहील. या वर्षी किती दिले हे सोडा, या वर्षी कबूल किती केले? समजा वर्षाला 50 नवे दावे पात्र ठरले आणि प्रत्येकाचा शेवटपर्यंतचा खर्च 3 लाख 60 हजार येणार असेल, तर या एका वर्षात तुम्ही 1 कोटी 80 लाखांचा शब्द देऊन बसलात. आवक 1 कोटी 90 लाख. कार्यालयाचा खर्च त्यातूनच. म्हणजे दर वर्षी वीस लाख शिलकीत पडताना दिसतात ते तुमचे नाहीतच. पूर्वी दिलेल्या शब्दांचे पैसे अजून कुणी मागायला आलेलं नाही, एवढंच.

उशीर का होतो, तर या धंद्याचा स्वभावच तसा. गळती सापडली त्या वर्षी जातात वीस-तीस हजार: टाकी उपसा, चार-सहा बोअर मारा, नमुने पाठवा. दुसऱ्या वर्षी मॉनिटरिंग वेल, म्हणजे भूजलाचे नमुने घ्यायच्या विहिरी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी साफसफाईचा आराखडा, यंत्रणा, आणि तिथे खरा पैसा. मग पाच-सात वर्षं ती यंत्रणा चालवणं आणि तिमाहीला पाणी तपासणं. दावा नोंदवला जातो एका संचालकाच्या काळात आणि फुटतो तिसऱ्याच्या काळात.

फ्लोरिडाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगायचो. 1986 मध्ये त्यांनी मोठ्या हौसेनं कायदा केला, इनलँड प्रोटेक्शन ट्रस्ट फंड काढला, आणि मालकांना म्हटलं, लवकर कळवा, आम्ही साफ करतो. नंतर परतफेडीची योजना आली: तुमच्या ठेकेदाराकडून काम करून घ्या, ‘वाजवी’ खर्च आम्ही देतो. आधी काम, मग बिल. मंजुरी नाही, रांग नाही. शाळेमागच्या विहिरीशेजारची गळती आणि ओसाड हमरस्त्यावरची गळती, ज्याचं बिल आधी त्याचे पैसे आधी. नव्वदच्या दशकाच्या मध्याला न चुकवलेल्या बिलांचा ढीग अर्धा अब्ज डॉलरच्या आसपास गेला. 1995 च्या मार्चमध्ये विधिमंडळानं ती योजना थांबवली, जुनी देणी फेडायला रोखे काढावे लागले, आणि त्यानंतर धोक्याच्या गुणांकनानुसार रांग आणि कामाआधी मंजुरी अशी पद्धत आली. त्याच वर्षी मिशिगनच्या फंडानं नवे दावे घेणं बंद केलं. तिथे गॅलनमागे सात अष्टमांश सेंट फी होती, फंडात रोज पैसे येत होते, आणि तरीही दिलेले शब्द त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. या दोन्ही ठिकाणी बँकेतली शिल्लक बरीच वर्षं छान दिसत होती.

म्हणून कामाआधीची मंजुरी हा फंडाचा कणा. तुम्ही आकड्यांचे माणूस आहात, तुम्हाला वाटेल हे इंजिनिअरांचं काम. पण तूट इथेच तयार होते. एक किस्सा सांगतो.

आमच्याकडे एका तालुकावजा गावातल्या पंपाची फाईल होती, अकरा वर्षं जुनी. पाणी उपसून, हवा फुंकून, कोळशातून गाळून परत सोडायचं, अशी यंत्रणा आठ वर्षं चालू. वीजबिल, देखभाल, तिमाही अहवाल, सगळं मिळून वर्षाला नव्वद हजार. मी सहज म्हणून शेवटच्या तीन वर्षांचा तक्ता काढला आणि यंत्रणेनं एकूण किती बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, बाहेर काढलं ते मोजलं. तीन वर्षांत मिळून एक किलोही नव्हतं. पहिल्या दीड वर्षात जे निघायचं ते निघालं होतं, नंतरची रेघ सपाट. बेंझीन मातीच्या बारीक थरांत अडकलेलं, पाणी उपसून ते येत नाही. यंत्र बंद केलं की पाण्यातलं प्रमाण जरा चढतं, चालू केलं की उतरतं, आणि कन्सल्टंट दर वर्षी लिहितो, ‘यंत्रणा प्रभावीपणे कार्यरत असून ती पुढे चालू ठेवण्याची शिफारस आहे.’ त्याला दोष का देऊ? त्याला चालवण्याचेच पैसे मिळत होते, बंद करण्याचे कुणी देत नव्हतं. आम्ही यंत्र थांबवलं, मूळ जागेवर उरलेली चार ट्रक माती खोदून काढली, दोन वर्षं नुसतं पाणी तपासलं, आणि फाईल बंद झाली. खोदाईचा खर्च यंत्रणेच्या एका वर्षाच्या खर्चाहून कमी. आणि ही फाईल माझ्याही टेबलावरून सहा वेळा सहीसाठी गेली होती, हे कबूल करतो.

त्यानंतर आम्ही मोठ्या कामांना टप्प्यांवर पैसे द्यायला सुरुवात केली. प्रदूषण ठरलेल्या पातळीच्या दिशेनं पाव उतरलं की एवढे, निम्मं उतरलं की एवढे, शेवटचा हप्ता फाईल बंद झाल्यावर. छोट्या कामांना ठरलेला दर: एक बोअर अमुक फूट, एवढे, एक फेरी नमुने, एवढे. तासावर बिलं घेणं आम्ही जवळपास थांबवलं. तासाची बिलं वाचून माझे डोळे गेले होते. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांवर काम, आणि ड्रिलिंगची गाडी आणण्याचा खर्च दोन्ही फायलींवर पूर्ण. पोटठेकेदाराच्या बिलावर पंधरा टक्के, त्याच्या पोटठेकेदाराच्या बिलावर पुन्हा पंधरा. हे सगळं चोरी म्हणून कुणी करत नाही, दरपत्रकात बसतं म्हणून करतात.

मात्र दर इतके पिळू नका की चांगले लोक सोडून जातील. आम्ही एकदा ते केलं. दोन वर्षं दर गोठवले, बचत झाली म्हणून वार्षिक अहवालात फुशारकी मारली, आणि भूजलाची खरी समज असलेल्या तीन कन्सल्टंट कंपन्यांनी आमची कामं घेणं थांबवलं. उरलेल्यांनी बोअर चुकीच्या जागी मारले. चुकीच्या जागी मारलेला स्वस्त बोअर सगळ्यात महाग, कारण त्यावर विसंबून पुढचे दोन लाख खर्च होतात. माझं मत विचाराल तर फंडातला सगळ्यात हुशार भूगर्भतज्ज्ञ पहिल्या पाहणीच्या मंजुरीवर बसवा. शेवटच्या टप्प्याला कुणीही चालतो.

आता फाईल बंद कधी करायची हा प्रश्न, आणि फंडाच्या देण्यावर सगळ्यात मोठा परिणाम याचाच. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम. एक गॅलन पेट्रोल साधारण 2.8 किलो, त्यात एक टक्का बेंझीन धरलं तर 28 ग्रॅम. म्हणजे एक गॅलन पेट्रोल कागदावर 56 लाख लिटर पाण्याला मर्यादेच्या वर नेऊ शकतं. प्रत्येक पंपाखालचं पाणी पिण्यायोग्य करायचं ठरवलंत तर कुठलाच फंड पुरणार नाही. दुसऱ्या बाजूनं, 1995 मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळत्या अभ्यासल्या तेव्हा दिसलं की भूजलात पसरणारा बेंझीनचा पट्टा बहुधा अडीचशे फुटांच्या आत थांबतो, कारण जमिनीतले जीवाणू ते खातात. त्यानंतर राज्याराज्यांत जोखमीवर आधारित नियम आले: जवळ विहीर आहे का, तळघर आहे का, पट्टा वाढतोय की आक्रसतोय. आयोवानं नव्वदच्या दशकातच तीन पायऱ्यांची पद्धत आणली, कॅलिफोर्नियानं 2012 मध्ये कमी धोक्याच्या जागा बंद करण्याचं धोरण. देशभरात 5 लाख 70 हजारांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या 5 लाखांहून जास्त बंद झाल्या, त्यात या धोरणांचा वाटा मोठा आहे.

पण तेही आंधळेपणानं नको. जीवाणू बेंझीन खातात, एमटीबीईला मात्र सहजी हात लावत नाहीत. ऑक्टेन वाढवायला आणि धूर कमी करायला पेट्रोलमध्ये घातलेलं हे रसायन पाण्याबरोबर सुसाट पळतं. 1996 मध्ये सांता मोनिकाला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी त्यापायी बंद कराव्या लागल्या. त्याआधी ‘अडीचशे फूट’ म्हणून निश्चिंत झालेल्यांना पुन्हा फायली उघडाव्या लागल्या. 2015 मध्ये ईपीएनं जमिनीतून इमारतीत शिरणाऱ्या पेट्रोलच्या वाफांबद्दल मार्गदर्शन काढलं, तेव्हाही काही बंद फायली उघडल्या. तुमच्या ॲक्च्युअरीला विचारा, बंद झालेले दावे पुन्हा उघडण्यासाठी त्यांनी काही धरलंय का. बहुतेक वेळा शून्य धरलेलं असतं.

दाव्यांच्या पात्रतेवर एक छोटी गोष्ट, कारण बाहेरच्यांना वाटतं की कडक नकार दिला की पैसे वाचतात. मालकानं गळती वेळेत कळवली नाही, टाकीची चाचणी चुकवली, नकार द्या, संपलं. पण घाण जमिनीतच राहते. मालक दिवाळखोर, शेजाऱ्याची विहीर खराब, आणि शेवटी तेच काम सरकारच दुसऱ्या खिशातून करतं, उशिरा आणि दुप्पट किमतीत. म्हणून मला मॉन्टानासारखी पद्धत आवडते. तिथे अटी मोडल्या तर किती दिवस मोडल्या त्यानुसार परतफेडीची टक्केवारी उतरते. शिक्षा होते, पण फाईल दारात पडून कुजत नाही.

नकाराचे खरे वाद होतात ते ‘जुनी की नवी’ यावर. फंडाच्या तारखेआधीची गळती पात्र, नंतरची खासगी विम्याची, किंवा उलट. इथे रसायनशास्त्र कामाला येतं. पाण्यात इथिलीन डायब्रोमाइड सापडलं तर बहुधा शिसंवालं पेट्रोल गळलंय, कारण ते शिशाबरोबर घालायचे, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल 1996 पासून पूर्ण बंद आहे. एमटीबीई सापडलं तर 1979 नंतरचं. दोन्ही सापडलं तर दोन गळत्या एकमेकींत मिसळल्यात आणि वकिलांची दिवाळी. अशा फायलींचा खर्चाचा अंदाज मी नेहमी चढाच धरायचो.

नव्या गळत्या तरी कमी होतील ना, असं तुम्ही विचाराल. झाल्यातच. 1998 च्या डिसेंबरपर्यंत जुन्या टाक्या सुधारा नाहीतर काढा, ही मुदत आली तेव्हा उपसलेल्या टाक्यांखाली जे दिसलं त्यानं दाव्यांचा पूर आला होता. मी पाहिलेल्या टाक्यांत एक ठरलेली जागा असायची: भरण्याच्या नळीच्या बरोबर खाली, तळाला, पेन्सिल जाईल एवढं भोक. रोज सकाळी मोजपट्टीची काठी टाकायची, ती दर वेळी तळाच्या त्याच जागी आपटायची. वीस वर्षं रोज एक ठोका. नंतर तिथे पोलादी चकती बसवायला लागले. आता दुपदरी टाक्या, इलेक्ट्रॉनिक मोजणी. पण मोजणीलाही मर्यादा असते. नियम म्हणतो, ताशी 0.2 गॅलनची गळती पकडता आली पाहिजे. म्हणजे त्याहून जरा कमी गळणारी टाकी महिन्याला 140 गॅलनपर्यंत सोडून ‘पास’ होऊ शकते. जुन्या हिशेबाच्या पद्धतीत तर महिन्याच्या विक्रीच्या एक टक्का अधिक 130 गॅलन एवढा फरक चालायचा. महिन्याला साठ हजार गॅलन विकणाऱ्याला 730 गॅलनची मुभा. आणि नव्या टाक्याही म्हाताऱ्या होतायत. 2016 मध्ये ईपीएनं डिझेलच्या 42 टाक्या आतून तपासल्या, त्यातल्या 83 टक्क्यांत मध्यम ते गंभीर गंज होता. 1998 च्या आसपास बसवलेल्या टाक्या आता पंचविशी ओलांडून गेल्यात. तुमच्या राज्यातल्या टाक्यांच्या वयाचा तक्ता नोंदणी विभागाकडून मागवा. ॲक्च्युअरीच्या कुठल्याही सूत्रापेक्षा तो जास्त सांगेल.

फीमाफी. तुमच्याच आकड्यांवर करून बघू. दोन वर्षं फी नाही, म्हणजे 3 कोटी 80 लाख गेले. खर्च चालूच, 3 कोटी 40 लाख. शिल्लक उरते 3 कोटी 40 लाख. देणं मात्र 11 कोटी 20 लाखांतून 3 कोटी 40 वजा आणि नव्या दाव्यांचे 3 कोटी 60 अधिक, म्हणजे 11 कोटी 40 लाख. तूट 8 कोटी. आवकीच्या सव्वादोन पटींवरून चारपटींच्या वर. आणि गंमत बघा, दोन वर्षांनी फी परत सुरू झाली की आवक 1 कोटी 90, खर्च 1 कोटी 70. चेक वटतायत, सगळं आलबेल! म्हणूनच ही कल्पना एवढी लोकप्रिय होते. समितीसमोर ‘फंड बुडेल’ असं म्हणू नका. तो दोन वर्षांत बुडणार नाही, आणि तुम्ही खोटे ठराल.

त्याऐवजी मंजूर करून ठेवलेली, पण अजून बिल न आलेली कामं किती रकमेची आहेत ते काढा. तुमच्या प्रश्नात तो आकडा नाही. माझ्याकडे तो वर्षाच्या खर्चाच्या दीडपट-पावणेदोनपट असायचा. तुमच्याकडे समजा 2 कोटी 90 लाख निघाला. ही सही केलेली पत्रं आहेत, ठेकेदारानं त्यावर माणसं लावलीत. आजच्या 6 कोटी 80 लाखांतून ते वजा केले की मोकळी शिल्लक 3 कोटी 90 लाख. फीमाफीनंतर 50 लाख. म्हणजे दोन-तीन मोठ्या गळत्यांची रक्कम. समितीतल्या माणसाला तूट समजत नाही, ‘मोकळे पन्नास लाख’ लगेच समजतं.

एवढं सांगून ते ऐकणार नसतील तर त्यांना पर्याय द्या, नुसता नकार नको. फ्लोरिडाच्या कायद्यात बॅरलमागचा कर फंडाच्या मोकळ्या शिलकीला बांधलेला आहे: 5 कोटींखाली गेली तर 80 सेंट, 5 ते 10 कोटींमध्ये 60, 10 ते 15 मध्ये 30. यातला महत्त्वाचा शब्द ‘मोकळ्या’. त्यांनी बँकेतल्या शिलकीला कर बांधला असता तर पुन्हा 1995 सालीच पोचले असते. तुमच्या आकारमानाला साजेशा दोन पायऱ्या सुचवा, आणि पायरी बदलल्यावर फी प्रत्यक्ष हातात यायला घाऊक विक्रेत्यांच्या विवरणपत्रांमुळे एक-दोन तिमाही जातात, तेवढं अंतर आधीच धरा.

आणि एक दुसरी भीती, जी तुम्ही विचारलेली नाही. मोठी शिल्लक दिसली की राज्याच्या अर्थसंकल्पवाल्यांचं लक्ष जातं. पेनसिल्व्हेनियाच्या टाकी फंडातून 2002 च्या सुमारास राज्यानं 10 कोटी डॉलर उसने घेतले होते. म्हणून वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर शिल्लक एकटी कधीच छापू नका. तिच्याच ओळीत मंजूर कामं आणि अंदाजित देणं. आमच्याकडे हा बदल करायला मला दोन वर्षं लागली, कारण छपाईचा साचा जुना होता. कारण खरोखर एवढंच होतं.

जाता जाता, भारतातल्या वाचकांपैकी काहींना वाटेल की असा फंड आपल्याकडे का नाही. आपल्याकडे मोठ्या तेल कंपन्यांच्या पंपांवर टाक्या बहुधा कंपनीच्याच असतात, डीलरच्या नाहीत, त्यामुळे छोट्या मालकाच्या ऐपतीचा प्रश्न तसा उभा राहत नाही. भोपाळनंतर 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला, त्यात हप्त्याएवढीच रक्कम पर्यावरण मदत निधीत भरायची तरतूद आहे. पण तो मुळात अपघातग्रस्त माणसांना तातडीची मदत म्हणून आहे. वर्षानुवर्षं हळूहळू झिरपणाऱ्या टाकीसाठी नाही.

आता तुमच्या हातातलं काम. ॲक्च्युअरीशी वाद घालण्याआधी सगळ्यात जुने तीस उघडे दावे काढा आणि स्वतः वाचा, क्लेमवाल्यांकडून सारांश मागवू नका. प्रत्येकाच्या राखीव रकमेचा, म्हणजे त्या दाव्यासाठी दर वर्षी धरलेल्या अंदाजित खर्चाचा, इतिहास एका ओळीत मांडा. 80 हजार, 1 लाख, 1 लाख 20, 1 लाख 40, अशी दर वर्षी वीस-वीसची जिना चढणारी ओळ दिसली की समजा, फाईलवाल्याला खरा आकडा माहीत आहे, पण एकदम लिहायची भीती वाटते. आमच्याकडे तिसांत अकरा असे जिने निघाले. ते सरळ केल्यावर तूट एका फटक्यात वाढली, संचालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतरच्या चार अहवालांत मात्र ती जागची हलली नाही. तुमच्या तिसांत किती निघतात ते कळवा, मग 11 कोटी 20 लाखांवर किती विश्वास ठेवायचा ते बोलू.